सूर्याचा फ्यूज खिशात येत नाही

आमच्या घरी माझे कपडे धुण्याला टाकायच्या आधी खिसे उलटे करायची पद्धत होती. बायको म्हणायची, "लोकांच्या नवऱ्याच्या खिशात सुपारी सापडती, तुमच्या खिशात दुसऱ्याचं घर सापडतंय." खोटं नव्हतं. मी शाहूपुरीतला वायरमन. आमच्या धंद्यात काम सुरू करायच्या आधी मेन बंद करायचा, पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज उपसून काढायचा आणि तो आपल्या खिशात घालायचा. टेबलावर ठेवायचा नाही, मालकाच्या हातात द्यायचा नाही, कोनाड्यात तर अजिबात नाही. खिशातच. काम संपलं, शिडीवरनं पाय खाली टेकला की मगच तो परत बसवायचा.

ही शिस्त आमच्या उस्तादांची, गफूरचाचांची. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली होती. तरुणपणी एका गुळाच्या पेढीत ते माळ्यावर तार ओढत होते, खाली दिवाणजीला अंधारात दिसेना, म्हणून त्यानं बिनदिक्कत मेन चालू केला. त्याची काय चूक? त्याला उजेड पाहिजे होता. चाचा म्हणायचे, "बेटा, उजेड सगळ्यांना पाहिजे असतो. म्हणून फ्यूज आपल्या खिशात. फ्यूज खिशात तर जान खिशात." हे वाक्य मी आणि माझा जोडीदार दत्तू इतक्या वेळा ऐकलं, की झोपेत हलवलं असतं तरी आमचा हात आधी खिशाकडं गेला असता.

आता खिशात घातलेली वस्तू माणूस विसरतो, हे आलंच. कळंब्याच्या एका पिठाच्या गिरणीची मोटर दुरुस्त करून मी एकदा निघालो. चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यायची होती, म्हणून फ्यूज खिशात तसाच. तिथनं परस्पर मेव्हण्याच्या लग्नाला गेलतो. बिर्याणीचा पहिला घास तोंडात, तेवढ्यात मांडवात सायकल ढकलत गिरणीवाले काका हजर. आख्ख्या वऱ्हाडासमोर ओरडले, "मिस्त्री, बायका डबं घेऊन दारात बसल्यात आणि माझी गिरण तुमच्या खिशात हाय की वो!" मी म्हटलं, काका, चाचणी उद्या ठरलीय. तर म्हणाले, "चाचणी ऱ्हाऊ द्या, बायकांचं तोंड कोण बंद करणार?" त्यांनाही पंगतीला बसवलं आणि मग जाऊन फ्यूज बसवून आलो. पण मला त्या दिवशी लाज वाटली नाही, उलट छाती फुगली. साऱ्या गिरणीचा दम माझ्या खिशात! वीज नावाची ती अदृश्य बया आपल्या शर्टाच्या आत गपगुमान बसलीय, असंच मला वाटायचं.

ती घमेंड उतरली आजऱ्याकडच्या एका धनगरवाड्यावर. त्याचीच गोष्ट सांगायला बसलोय.

साल ऐंशीच्या पुढचं. सूर्यावर चालणाऱ्या प्लेटा तेव्हा कोल्हापुरात कुणी पाहिल्या नव्हत्या. एका योजनेतनं त्या धनगरवाड्याला पाण्याचा पंप मिळाला होता. वाडा डोंगराच्या माथ्यावर, झरा खाली खोल ओघळीत. विजेचा खांब तिथवर कुणी नेणार नव्हतं, म्हणून उन्हावरचा पंप. माथ्यावर प्लेटा, माथ्यावरच टाकी, झऱ्याजवळ मोटर. ठेकेदारानं वायरिंगला मला आणि दत्तूला नेलं. आजऱ्यापर्यंत एसटी, पुढं जीप आणि जीप थांबली की पाय.

दत्तूची ओळख करून द्यायला पाहिजे. अंगानं आडवा, आवाज भोंग्यासारखा आणि हात मात्र सोनाराचा. आम्ही दोघं एकाच दिवशी चाचांकडं शिकायला राहिलो. मला तो "रश्या" म्हणायचा, मी त्याला "दत्त्या". भांडणं रोज, पण शिडी धरायला मला दुसरा कोण चालायचा नाही आणि त्यालाही.

वाड्यावर पहिल्यांदा भेटली ती हौसाक्का. काळी घोंगडी पांघरलेली, कपाळावर गोंदण, वय विचारायची सोय नाही. तिनं आमच्या पुढ्यात ताक ठेवलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "पावणं, ह्या काचंनं पाणी वर चडंल?" दत्तू म्हणाला, "चडंल की, आक्का." "खरं सांगा बरं का. माज्या सुनंला लई आस लागलीया." सून आतल्या अंगाला बाजल्यावर पडून होती. पावसाळ्यात भरला हंडा डोक्यावर घेऊन ती ओघळीची वाट चढताना घसरली होती आणि कंबर मोडली होती. तेव्हापासनं तो हंडा हौसाक्काच्या डोक्यावर आला होता. त्या वाटेनं आम्ही मोटर खाली नेली तेव्हा कळलं. आम्ही चार तरणे गडी, दोरानं बांधलेलं धूड, आणि आमचे पाय लटलट कापायला लागले. ती म्हातारी मात्र आमच्या शेजारनं पाणी घेऊन वर गेली आणि जाताना म्हणाली, "सावकास या, पावणं."

योजनेचे इंजिनिअर साहेब तरुण होते, शांत, समजावून सांगायची हौस असलेले. आम्हाला आणि वाड्यावरच्या सगळ्यांना त्यांनी प्लेटांसमोर उभं केलं. ते जे बोलले ते मी माझ्या भाषेत सांगतो. एक प्लेट म्हणजे थोडीशी वीज, टॉर्चच्या दोनचार सेलांपेक्षा जास्त, पण फार नाही. मोटर मात्र लांब, खाली झऱ्याकडं. कमी दाबाची वीज तेवढ्या लांबच्या तारेत जिरूनच जाते. म्हणून सगळ्या प्लेटा एकामागे एक अशा माळेत ओवायच्या, म्हणजे दाब साठत जातो. त्या माळेच्या दोन टोकांना दाब दोनशे व्होल्टच्या वर भरत होता. माणूस मारायला रग्गड.

"आणि ही तुमच्या घरातली वीज नव्हे," साहेब म्हणाले. "घरातली वीज सारखी मागं-पुढं होते, मधल्या मधे शून्यावर येते. त्यामुळं बटण बंद करताना ठिणगी उडाली तरी विझते. ही सरळ एकाच दिशेनं वाहते. हिची ठिणगी पडली की विझायला तिला जागाच नाही. बघा."

आणि त्यांनी हातमोजे घालून, काळी काच डोळ्याला लावून, दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवली आणि हळूच लांब केली. देवाशपथ सांगतो, भर उन्हात तिथं दुसरं ऊन जन्माला आलं. निळं-पांढरं, फुरफुरणारं, दोन तारांच्या मधल्या हवेत लोंबकळणारं. तारा लांब होत होत्या तसं तेही ताणलं जात होतं, तुटत नव्हतं. मी वेल्डिंग पाहिलेलं आहे. पण तिथं ट्रान्सफॉर्मर घुमतो, आवाज असतो, खांबावरनं तार आलेली दिसते. इथं काही म्हणजे काही नाही. काचा उन्हात पडलेल्या, पलीकडं म्हशी रवंथ करतायत, आणि साहेबांच्या दोन हातांत ही आग. माझ्या अंगावर काटा आला. दत्तू पुटपुटला, "आयला रश्या, हे कुठनं येतंय?" मी वर सूर्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

साहेबांनी मग एकाला एका प्लेटेवर आपली वही आडवी धरायला सांगितलं. ठिणगी बारीक झाली. मग त्यालाच दोन्ही हातांनी कोट पसरून ती प्लेट पुरती झाकायला सांगितलं आणि ठिणगी फुस्स. "माळ आहे," ते म्हणाले. "एका प्लेटेनं वाट अडवली की सगळ्यांची अडते. म्हणून काम करायच्या आधी झाकायचं. बटणावर विसंबायचं नाही."

हौसाक्कानं तोंडावरचा पदर बाजूला केला. "मंजी सायेब, ह्या एका काचंम्होरं आमचा रेडा उभा ऱ्हायला तर पंप बंद पडंल व्हय?"

सगळे हसले. दत्तू तर गुडघ्यावर थापा मारून हसला. साहेब मात्र गंभीरपणे म्हणाले, "रेडा मोठा असला तर पडेल, आक्का." तिनं मान डोलावली आणि रेडा कुठं आहे ते वळून पाहिलं.

आता इथं आमच्या धंद्याचं एक गुपित सांगतो. कान एक शिकतात आणि हात दुसरंच शिकलेले असतात. आम्ही साहेबांचं सगळं ऐकलं. पटलंही. पण आदल्या दिवशी प्लेटांची माळ ओवताना त्यांच्यावर ताडपत्री टाकलेली होती, आणि ताडपत्रीखालच्या त्या तारा आम्ही उघड्या हातानं सुतळीसारख्या वळवल्या होत्या. हातांनी लक्षात ठेवलं ते एवढंच, की ह्या तारा गरीब आहेत. ताडपत्री नंतर खाली झऱ्याकडं गेली होती, मोटरवर आडोसा करायला.

दुपारी चाचणी झाली. साहेब खाली मोटरजवळ, आम्ही दोघं माथ्यावर. प्लेटांच्या मागं एक कातळ होता आणि कातळ व चौकट यांच्या मधल्या बोळात लाकडी फळीवर फ्यूजची पेटी ठोकलेली. दत्तू आडवा माणूस, त्या बोळात जेमतेम मावायचा. मी बाहेर. पंप सुरू केला. वाडाभरच्या बाया टाकीभोवती कान देऊन उभ्या. खालनं मोटरीची घरघर ऐकू आली, पण पाणी येईना. मग ओघळीतनं साहेबांची हाक, "उलटी फिरतेय! तारा बदला!"

एवढंच ना! उलटी फिरणारी मोटर सरळ करणं म्हणजे आमचं पोरखेळाचं काम. दोन तारांची अदलाबदल केली की झालं. मी स्विचची दांडी खाली ओढली, दत्तूनं फ्यूज उपसला. शर्टाच्या खिशात घातला. वरनं थोपटला, चाचा थोपटायचे तसा. मोटरीकडच्या तारा जाड, पेटीत कशाबशा कोंबलेल्या. प्लेटांकडच्या बारीक, वळायला सोप्या. त्यानं सोप्या तारांना हात घातला. कोल्हापुरात त्यानं असं मरेपर्यंत केलं नसतं. खांबाकडची बाजू जिवंत असते हे त्याला कळत नव्हतं का? पण इथं खांबच नव्हता. तार कुठनं आली नव्हती, गुणगुण नव्हती, काही नव्हतं. फक्त काचा होत्या आणि फ्यूज खिशात होता.

पक्कड दोन टोकांना एकदम लागली.

फर्रकन आवाज झाला आणि बोळ पांढरा पडला. दत्तूनं पक्कड मागं खेचली, तशी आग तिच्या मागोमाग लांब होत आली. पक्कड सुटून पडली, तर आग दोन टोकांच्या मधे लोंबायला लागली. लाकडी फळीनं पेट घेतला. तो कातळाला पाठ लावून आतल्या टोकाला उभा, बाहेर यायची वाट त्या आगीच्या तोंडावरनं. बाही धुमसायला लागली. आणि तो काय ओरडत होता सांगू? आजही ते कानात आहे. एका हातानं खिसा बडवत होता आणि ओरडत होता, "फ्यूज खिशात हाय की रं माज्या! रश्या, फ्यूज खिशात हाय की!"

मी आधी स्विचच्या दांडीकडं बघितलं. ती बंदच होती. फ्यूज तर निघालेलाच. माझ्याजवळ आणखी काहीच बंद करायला उरलं नव्हतं. वीस वर्षं धंदा केलेला माणूस मी, आणि माझे हात नुसते हवेत. पाणी मारावं तर वीज, ओढावं तर आग. "साहेब! साहेब!" म्हणून मी खाली बोंबललो. साहेब ओघळीत. ते वर येईपर्यंत काय राहिलं असतं?

माझ्या बाजूनं काहीतरी काळं फडफडत गेलं. हौसाक्का. तिनं अंगावरची घोंगडी दुहेरी केली आणि सगळ्यात जवळच्या प्लेटेवर धपकन टाकली. नुसती टाकली नाही, तिच्यावर पालथी पडली, दोन्ही हात पसरून, रेडा आडवा व्हावा तशी.

आग गेली. विझली म्हणत नाही मी, गेली. होती आणि नव्हती. फळीचा धूर तेवढा राहिला. सगळीकडं ऊन तसंच भगभगत होतं, आकाशात सूर्य तिथंच, बाकीच्या काचा तशाच तळपत होत्या, आणि त्या सगळ्याला एका म्हातारीनं एका घोंगडीखाली धरून ठेवलं होतं. मी तिथंच मातीत बसलो. मी पाच वेळचा नमाजी नव्हे, पण त्या दिवशी अल्लाचं नाव माझ्या तोंडून आपोआप आलं.

दत्तूनं फळीवर माती मारली आणि बोळातनं फरपटत बाहेर आला. भुवया जळालेल्या, डाव्या हातावर फोड. त्यानं खिशातनं फ्यूज काढला. तळहातावर ठेवून बघितला. मग वर बघितलं.

साहेब धापा टाकत आले. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. दत्तूच्या हातावर आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतत राहिले आणि म्हणाले, "दुसरी फळी आहे. पण उद्या करू." दत्तूनं मान हलवली. "आजच, साहेब. आज न्हाय केलं तर म्या परत हात लावणार न्हाय." मला ते कळलं. मी असतो तरी तेच म्हटलं असतं. साहेबांनी त्याचा हात बांधला, आपले रबरी मोजे त्याला चढवले, माळेची मधली जोडणीही सोडवायला लावली, मीटर लावून स्वतः खात्री केली. मी म्हटलं, मी जातो आत. तर दत्तू म्हणाला, "तू शिडी धर." शिडी कुठं होती तिथं! पण मला समजलं. मी त्याच्या पाठीशी, बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो.

माथ्यावर वारा होता. घोंगडीचं टोक फडफडलं. मी दगड शोधायला वळलो तर हौसाक्का म्हणाली, "धोंडं नगं. काच फुटंल. म्या धरती." आणि प्लेटेच्या कडेच्या लोखंडावर अंग टेकून, घोंगडीची दोन्ही टोकं मुठीत पकडून ती बसली. बसली ती बसलीच. ऊन माथ्यावर. त्या लोखंडावर मला बोट ठेववत नव्हतं.

दत्तूचं काम रेंगाळलं. एका हातानं करायचं, शिवाय मोजे. तिकडं टाकीजवळच्या बाया अधीर झाल्या. आभाळात पश्चिमेकडनं ढग चढायला लागले होते. ऊन गेलं तर आजचं पाणी गेलं, हे आता सगळ्यांना समजलेलं. एकीनं हाक मारली, "आगं आक्का, तारा जोडल्या की त्यांनी, आमाला हितनं दिसतंय! ऊठ की आता, ढग याय लागल्यात!" दुसरी म्हणाली, "सुनंला तुज्या कवाचं सांगून ठिवलंय, पानी येतंय म्हून." खरं होतं. झोपडीच्या दारातनं बाजलं थोडं बाहेर ओढलेलं दिसत होतं, सून मान उचलून टाकीकडं बघत होती.

हौसाक्कानं तिकडं बघितलं नाही. ती बोळाच्या तोंडाकडं बघत होती.

दत्तूनं शेवटचा स्क्रू आवळला. मी दोन्ही तारा ओढून बघितल्या. साहेबांनी बघितल्या. मधली जोडणी लागली. "झालं," दत्तू आतनं म्हणाला, "आक्का, उठा आता."

ती हलली नाही.

"आक्का, झालं. काढा घोंगडी."

"तू भायेर ये आदी."

तो बाहेर आला.

"आजून हिकडं ये. माज्या म्होरं. हात दाव."

दत्तूनं पोरासारखे दोन्ही हात पुढं केले, एक बांधलेला, एक काळा पडलेला. तिनं ते उलटेपालटे करून नजरेनं तपासले. मग माझ्याकडं वळली, "तुजं बी." मी दाखवले. साहेबांकडं बघितलं, त्यांनीही गुपचूप दाखवले. सगळे हात मोजून झाल्यावर ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि म्हणाली, "आता बसव तुजं ते खिशातलं."

दत्तूनं फ्यूज बसवला. मी दांडी वर केली. तिनं घोंगडी ओढली.

खालनं घरघर आली. मग बराच वेळ काहीच नाही. नळीत आधी हवा खोकली, आणि मग टाकीत धो धो पाणी कोसळलं. बाया किंचाळल्या, हंडे वाजले, कुणी पहिली कळशी भरून झोपडीकडं पळालं. हौसाक्का मात्र टाकीकडं गेली नाही. लोखंडाच्या कडेनं तिच्या मांडीला आणि दोन्ही तळव्यांना लालभडक चट्टे उठले होते. दत्तूनं ते पाहिलं आणि तो ढसाढसा रडायला लागला.

"आरं, रडतुस कशाला," ती म्हणाली, "म्या न्हाय का ह्यापरास जड हंडं उचललं?"

निघताना तिनं ती घोंगडी घडी करून दत्तूच्या खांद्यावर टाकली. तो नको म्हणाला, थंडीचं तुला लागंल म्हणाला. ती ऐकेना. त्यानंतर आम्ही दोघांनी प्लेटांची पुष्कळ कामं केली. फ्यूज खिशात घालायचो, सवय जाते थोडीच! पण आधी घोंगडी पसरायची आणि एकानं तिच्याजवळ बसायचं. आतला माणूस बाहेर येऊन दोन्ही हात दाखवेपर्यंत उठायचं नाही. गिऱ्हाइकं हसायची. "मिस्त्री, ही काय पूजा?" दत्तू म्हणायचा, "व्हय, पूजाच हाय."

दत्तू आता नाही. म्हातारपणानं, आपल्या बिछान्यावर गेला. शेवटच्या आजारात मी रोज जाऊन बसायचो. एका सकाळी उठायला लागलो, तर त्यानं पांघरुणातनं दोन्ही हात बाहेर काढले आणि माझ्यापुढं धरले. डाव्या हातावर तो जुना डाग होता. मी दोन्ही हात उलटेपालटे करून नीट बघितले, आणि मगच उठलो.